मी बंद केलेल्या वाटा

ज्या रविवारी बोअरची मोटार विकायला काढली, त्या रविवारी मला बाबांच्या गोळ्या सापडल्या.

आमचं घर शहराच्या कडेच्या सातारा परिसरात, डोंगराच्या पायथ्याला. बाबांनी ते नोकरीत असतानाच बांधलं होतं. तेव्हा भोवती ज्वारीची रानं होती आणि बोअरला दीडशे फुटांवर पाणी लागलं म्हणून त्यांनी शेजारपाजारी पेढे वाटले होते. पुढं शहर आमच्या दिशेनं सरकत आलं. एकेक अपार्टमेंट उभं राहिलं आणि प्रत्येकानं आमच्यापेक्षा खोल बोअर घेतलं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या नळातून पाण्याऐवजी हवा यायला लागली, तिसऱ्या वर्षी हवाही थांबली. महापालिकेची पाइपलाइन आमच्यापर्यंत आलेलीच नव्हती. पैठणच्या धरणातून ज्यांना पाणी येत होतं त्यांनाही ते आठवड्यातून एकदा मिळे. आम्ही टँकरवर होतो. मोटार नुसती गंजत पडली होती, म्हणून म्हटलं, देऊन टाकू.

मोटार न्यायला आलेल्या माणसानं मागच्या भिंतीवरची स्टार्टरची पेटी उघडली आणि मला हाक मारली. "ताई, हे तुमचंय का?" आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. रबर लावून नीट गठ्ठे केलेले, एकही गोळी न फोडलेले. रक्तदाबाच्या, साखरेच्या, किडनीसाठी दिलेल्या. मी दर महिन्याला आणत होते त्या सगळ्या, दिवाळीपासूनच्या. बोअर आटल्यावर ती पेटी कोणी उघडणार नाही हा त्यांचा हिशेब बरोबर होता.

बाबा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मी गठ्ठे त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"बाबा, हे काय?"

"गोळ्या."

"ते दिसतंय मला. का नाही घेतल्या?"

"गरज नाय राहिली." त्यांनी पेपरची घडी घातली. "आता बरं वाटतंय लई."

बरं वाटत नव्हतं. संध्याकाळी त्यांचे पाय सुजायचे, चपलेचे पट्टे रुतायचे. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मला एकटीला आत बोलावलं होतं. "गोळ्या घेऊनही इतकं कसं वाढलं ते कळत नाही," असं ते म्हणाले होते. गोळ्या आणि पथ्य सांभाळलं तर आहे त्या किडनीवर काही वर्षं निघतील, नाहीतर नाही, हेही सांगितलं होतं. घरी येताना रिक्षात मी बाबांना विचारलं होतं, आणि ते "घेतो ना" म्हणाले होते. आयुष्यात माझ्याशी खोटं न बोललेला माणूस.

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. माझं लग्न टिकलं नाही, त्यानंतर मी माहेरी येऊन राहिले आणि तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. पोरांना नेटवर्कची प्रात्यक्षिकं करून दाखवायची हे माझं काम. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होऊन निवृत्त झाले. मी लहान असताना ते मला मेन फ्रेमसमोर उभं करायचे. हजारो तारांचा तो पडदा दाखवून म्हणायचे, "यातला एक जंपर, म्हणजे ही एवढीशी तार, काढला की एका घराचा आवाज बंद." पुढं मी या धंद्यात आले ते त्यांच्यामुळंच.

गोळ्या का सोडल्या, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं. इंटरनेटवर एक गुरुजी होते. त्यांची स्वतःची वेबसाइट होती आणि त्यावर रोज दुपारी चार वाजता ते थेट बोलायचे. पांढरा सदरा, मऊ आवाज. गोळ्यांनीच रोग होतात, शरीराला मोकळं सोडा, काढा घ्या, विश्वास ठेवा. ऐकणारे आपापलं दुखणं लिहून पाठवायचे आणि गुरुजी ते वाचून दाखवायचे. बाबांचंही एकदा वाचलं होतं.

"ते माझ्याशी बोलतात," बाबा म्हणाले. "तुझा डॉक्टर फायलीशी बोलतो."

"बाबा, तो माणूस तुम्हाला मारून टाकेल."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुझ्या आईनं एक गोळी चुकवली नाय. वारानुसार डबीत लावून ठेवायची. डॉक्टर म्हणंल ते केलं. मग कशी गेली?"

मी गठ्ठे उचलून आत नेले.

पुढचा महिनाभर मी जमेल ते केलं. समोर उभी राहून गोळी दिली तर ती गालात धरून ठेवायचे आणि मागं जाऊन थुंकायचे. कुटून वरणात घातली तर पहिल्या घासालाच ताट बाजूला सारलं आणि मला म्हणाले, "माय, एवढं करू नको." लाडात आले की ते मला माय म्हणायचे. त्या दिवशी लाडानं म्हटलं नव्हतं.

तेव्हा मी राउटरकडं वळले.

आमच्या घरात मोबाईलला रेंज नव्हती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नवीन इमारती. बाबांचा फोन चालायचा तो घरच्या वायफायवर. म्हणजे गुरुजी आमच्या घरात येत होते ते एकाच दारातून, आणि ते दार माझ्या हातात होतं. राउटरमध्ये नको असलेल्या साइटची नावं लिहून ठेवायची सोय असते. फोन आधी राउटरला विचारतो, अमुक नावाची साइट कुठल्या पत्त्यावर आहे? राउटरनं पत्ता सांगितलाच नाही तर फोनला जाता येत नाही. मी गुरुजींच्या साइटचं नाव त्या यादीत घातलं. दोन मिनिटांचं काम. करताना एकदाही थांबून विचार केला नाही, हे मला आज जास्त खुपतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर घरी आले. चार वाजता बाबा खुर्ची ओढून बसले. फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. त्यांनी फोन बंद करून चालू केला. राउटरजवळ जाऊन उभे राहिले, दिवे पाहिले. "लाइन तर आहे," म्हणाले. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत होते.

आठ-नऊ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मी घरात पाऊल टाकलं तर गुरुजींचा आवाज चालू. बाबांच्या तोंडावर एक्स्चेंजमधला फॉल्ट शोधून आल्यावर असायचा तसा उजेड होता.

"सापडलं," ते म्हणाले. "गुरुजींच्या ग्रुपवर त्यांच्या माणसानं टाकलं होतं. काही घरांत साइट उघडत नाय म्हणे, तर फोनमध्ये हा नंबर घाला. मी घातला."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. वायफायच्या सेटिंगमध्ये आत जाऊन त्यांनी हातानं पत्ता टाकला होता. चार वेळा आठ. नाव विचारायला जगभरातल्या कुणालाही मोकळे असलेले जे मोठे सर्व्हर आहेत, त्यांतल्या एकाचा. म्हणजे त्यांचा फोन आता माझ्या राउटरला काही विचारतच नव्हता. त्याच्या डोक्यावरून परस्पर बाहेर विचारून येत होता. सत्तरीच्या माणसानं, जाड चष्मा लावून, हे एकट्यानं केलं होतं. दुसऱ्या कुठल्या गोष्टीसाठी केलं असतं तर मी प्रयोगशाळेतल्या पोरांना अभिमानानं सांगितलं असतं.

त्या संध्याकाळी ते चक्कर मारायला गेल्यावर मी परत राउटर उघडला. त्यात एक पान असतं, कुठल्या पत्त्याला जायचं झालं तर कुठल्या वाटेनं जायचं हे कायमचं लिहून ठेवण्यासाठी. एरवी त्याची घरात कुणाला गरज पडत नाही. मी तिथं लिहिलं, की या चार आठांकडं जाणारं सगळं घरातल्याच अमुक पत्त्यावर पाठवावं. आणि जो पत्ता दिला त्यावर कुठलंही यंत्र नव्हतं. फोन विचारत राहणार, राउटर तो प्रश्न इमानदारीत रिकाम्या जागी नेऊन टाकणार, उत्तर कधीच येणार नाही.

आता चार आठ ठेवले की फोनवर काहीच चालेना, सकाळच्या फुलांचे फोटोसुद्धा येईनात. ते काढले की बाकी सगळं चाले, फक्त गुरुजी येत नसत. बाबांनी ग्रुपवरून दुसरा नंबर आणला, चार वेळा एक. मी त्याचीही वाट बंद केली. त्यांनी तिसरा आणला. मी शोधून एकदमच होते-नव्हते ते सगळे सार्वजनिक सर्व्हर त्या पानावर लिहून टाकले. अकरा ओळी झाल्या. आमच्यात या विषयावर एक शब्द बोलणं झालं नाही. सकाळी चहा घेताना ते टँकरचं विचारायचे, मी वार सांगायचे. संध्याकाळी ते फोनमध्ये आकडे घालायचे आणि त्यानंतर मी त्यांची वाट बंद करायचे.

एक दिवस मात्र ते म्हणाले, "लाइन आहे, टोन आहे, फक्त एकच नंबर लागत नाय. हा फॉल्ट नाय. कुणीतरी आत बसून करतंय."

"साइटच बंद पडली असेल," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर त्यांनी नवा आकडा घातला नाही. मला वाटलं, मी जिंकले. गोळ्या अजून घेत नव्हते, पण त्या आवाजापासून तुटले की महिन्या-दोन महिन्यांत ऐकतील, असं मी स्वतःला सांगत होते.

एप्रिलच्या शेवटाला कॉलेज सकाळचं झालं आणि मी दुपारी दीडला घरी यायला लागले. तेव्हा लक्षात आलं, की साडेतीन झाले की बाबा टोपी घालतात आणि बाहेर पडतात. "जरा पाय मोकळे करून येतो." त्या उन्हात. सावलीतसुद्धा भिंतीला हात लावता येत नव्हता असे ते दिवस. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागं गेले.

वसाहतीच्या टोकाला, चढावर, महापालिकेनं एक उंच पाण्याची टाकी बांधून ठेवली होती. पाइपलाइन येईल तेव्हा भरायची म्हणून. ती कोरडीच होती. तिथं उंची असल्यामुळं मोबाईलला रेंज यायची. टाकीच्या खांबांच्या सावलीत सहा-सात म्हातारी माणसं बसली होती. कुणी दगडावर, कुणी घरून आणलेल्या पोत्यावर. मधे बाबांचा फोन एका विटेला टेकवून उभा केलेला, आणि त्यातून तो मऊ आवाज. बाबा सगळ्यांत पुढं होते. एक आजोबा कानाला हात लावून ऐकत होते. कुणी हसत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. सावली सरकली की सगळे थोडे-थोडे सरकत.

बाबांनी मला पाहिलं. उठले नाहीत. शेजारच्या आजोबांनी पोतं सारून जागा केली. "बसा ना बाई. ऐका."

मी बसले नाही. म्हणाले, "बाबा, घरी चला. ऊन फार आहे."

"घरी नाय येत ना ते," बाबा म्हणाले. साधं सांगावं तसं म्हणाले. टोमणा नव्हता.

त्या वेळी मी घरी जाऊन त्या अकरा ओळी पुसायला हव्या होत्या. निदान सावलीत, पंख्याखाली बसून ऐकले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. उतरताना मी ठरवलंही होतं. पण घरी आले, राउटर उघडला, ते पान समोर आलं, आणि वाटलं, आणखी आठ दिवस. आठ दिवसांत या उन्हाला कंटाळतील. मी पान बंद केलं.

पाचव्या दिवशी, पोतं सारून जागा करणाऱ्या आजोबांचा मुलगा मोटारसायकलवर आला. बाबा टाकीखाली कोसळले होते. मी पोचले तेव्हा कुणीतरी त्यांच्या तोंडावर ओला रुमाल टाकला होता. त्यांचे ओठ फुटले होते आणि ते माझ्याशी मी माझी आईच असल्यासारखं बोलत होते. काढ्याखेरीज दिवसभर पोटात काही घेतलं नव्हतं.

दवाखान्यात दोन दिवसांनी शुद्धीवर आले. किडन्या मात्र परत चालू झाल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. उन्हामुळं का, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कधीतरी हे होणारच होतं. उन्हानं लवकर झालं." लवकर म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

डायलिसिसला पाणी भरमसाट लागतं. त्या उन्हाळ्यात तिथंही टँकरच येत होता. टँकर यायला उशीर झाला की आम्ही सगळे बाकांवर बसून राहायचो, पेशंट आणि बरोबरचे, गेटकडं बघत. अशाच एका सकाळी बाबांनी विचारलं.

"तू बंद केलं होतं ना?"

"हो."

"कसं केलं?"

मी सांगितलं. आधी नावाची यादी, मग आठ, मग एक, मग अकरा ओळी, आणि जिथं कुणी नाही असा पत्ता. ते लक्ष देऊन ऐकत होते. मधे एकदा त्यांनी विचारलं, की राउटरला कळत नाही का तिथं कोणी नाही ते. नाही कळत, मी म्हणाले, त्याला जे लिहून दिलं ते तो करतो.

"म्हणजे जंपर काढला तू," ते म्हणाले. "बाहेरून लाइन चांगली दिसते आणि आत तार नाय." मग म्हणाले, "काम सफाईदार आहे."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. सुईच्या जागी तो हात काळानिळा झाला होता. "चालू कर आता," ते म्हणाले. "बाहेर जायची ताकद नाय राहिली."

त्या दिवशी घरी आल्यावर मी अकराच्या अकरा ओळी पुसल्या आणि यादीतलं नावही काढलं. चार वाजता आमच्या बैठकीत तो आवाज परत आला. मी शेजारी बसून ऐकायला लागले. पंधरा-वीस दिवस ऐकलं. त्यात चीड यावी असं फारसं काही नव्हतं. तो माणूस लोकांची विचारपूस करायचा, झोप लागली का विचारायचा. मी बाबांना शेवटचं हे कधी विचारलं होतं, ते मला आठवेना.

जूनमध्ये पाऊस आला नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, डायलिसिसच्या दिवशी, मी रिक्षा बोलावून आत आले तर बाबा कपडे न बदलता पलंगावर बसलेले.

"आज नाय जायचं," ते म्हणाले. "आता कधीच नाय."

"गुरुजींनी सांगितलं?"

"ते तर रोजच सांगतात. हे माझं मी सांगतोय."

मी भांडले. पाया पडले. वायफायवरून डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांच्याशीही बाबा नम्रपणे बोलले आणि नाहीच म्हणाले. मग मी विचारलं, "मी बंद केलं नसतं तर तुम्ही टाकीवर गेला नसता ना?" हे विचारायला नको होतं, पण विचारलं.

ते म्हणाले, "नसतो गेलो." मला बरं वाटावं म्हणून पुढं काहीतरी म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले नाहीत. खोटं बोलणं त्यांना एकदाच जमलं होतं, गोळ्यांच्या बाबतीत. मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याला परत पाठवलं.

त्यानंतर अकरा दिवस. शेवटचे चार दिवस त्यांना फोनमधला आवाज कळत नव्हता, तरी मी चारला तो लावून उशाशी ठेवत होते. गेले तेव्हा सकाळ होती. आंघोळ घालायला दोन बादल्या पाणी शेजाऱ्यांनी दिलं, आमची टाकी संपली होती.

तेराव्यानंतर एक बाई आल्या. मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून राहतो म्हणाल्या, माझ्या आईच्या वयाच्या. बाबांबद्दल चांगलं बोलल्या. पाणी घेतलं. मग पिशवीतून फोन काढला.

"बाई, तुम्ही कॉम्प्युटरमधल्या ना? माझ्या सुनेनं घरात काहीतरी करून ठेवलंय. गुरुजी लागत नाहीत. तुमचे वडील म्हणायचे, आकडा घालावा लागतो. तेवढा घालून द्या."

मी त्यांना सगळं सांगितलं. गोळ्या, सूज, टाकी, डायलिसिस. काही लपवलं नाही, मी केलेलंही नाही. त्या शांतपणे ऐकत होत्या. त्यांच्या घोट्यांवर तशीच सूज होती, जोडव्यांची बोटंही फुगलेली.

माझं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांनी पथ्य नीट पाळलं नसेल हो. गुरुजी म्हणतात, विश्वासात तिळभर कमी पडलं तरी गुण येत नाही." आणि फोन पुन्हा माझ्यापुढं धरला.

मी आकडा घालून दिला नाही. "मला नाही येत," म्हणाले. त्यांनी फोन पिशवीत ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गेल्या. त्यांच्या सुनेला गाठून सावध करावं असं त्या दिवशी मनात आलं. मग वाटलं, सावध करून तिला सांगू काय? बंद ठेव म्हणू, की उघड म्हणू? मी गेले नाही. आकडा त्यांना कुणीतरी घालून दिलाच असणार. चारच आकडे असतात, आणि चारही सारखे.